अर्धा दिवस बाकी

जव्हार,
७ ऑक्टोबर २०२५

चि. सौ. नीतास,
चंदनाताईचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

पत्र बघून दचकू नकोस. तुमच्या घरात फोन एकच, तोही उमेशच्या उशाशी. त्याच्याबद्दल जे लिहायचं ते त्याच फोनवर कसं पाठवू? जीपवाल्या रोहिदासला बजावलंय की पत्र तुझ्याच हातात द्यायचं, आईच्या नाही. त्याने ते जीपच्या आरशामागे खोचलं, तेव्हा मला उगाच वाटलं की मोखाड्याच्या वळणावर वाऱ्याने उडून जाईल. हल्ली मला सगळ्याचंच असं वाटतं.

श्रावणात आठ दिवसांसाठी म्हणून ठाण्याहून घरी आलेला माझा भाऊ परत गेलाच नाही. त्याला कोणी काही बोललं नाही, कामावर काही घडलं नाही, आणि हेच मला उलगडत नाही. मोठमोठ्या सोसायट्यांचं वायरिंग करणारा माणूस घरातला बल्ब बदलत नाही. नाशिकच्या डॉक्टरांनी नैराश्य म्हटलं, गोळ्या दिल्या आणि फोनवरून समुपदेशन करणाऱ्या मॅडमशी गाठ घालून दिली. गोळ्या तो घेतो ना? समोर उभी राहून बघत जा.

आता मुद्द्याचं. मॅडमशी पहिलं बोलणं घरात झालं, तेव्हा निम्मा वेळ रेंज गेली आणि निम्मी उत्तरं आईने दिली, हे तूच मला सांगितलंस. जेवण जातं का, तर आई म्हणे जातं. झोप लागते का, तर आई म्हणे लागते. आजारी माणसाला डॉक्टरपुढे एकटं बसवायचं नाही, ही आपल्याकडची रीत. तिचाही काय दोष? पण मॅडमना उमेश ऐकायचाय. म्हणून मी तोड काढली आहे. शाळेपलीकडच्या वळणावर रेंज येते आणि दुपारच्या दोन फेऱ्यांमध्ये रोहिदासची जीप तिथेच उभी असते. उमेशने आत बसावं, काचा वर कराव्यात, फोन समोर टेकवावा आणि पोटातलं सगळं बोलावं. रोहिदास झाडाखाली बसेल.

मॅडमनी लावून दिलेल्या सवयी मोडू देऊ नकोस. ठरल्या वेळी उठणं, विहिरीवरून एक हंडा पाणी आणणं, सगळ्यांबरोबर जेवणं, जेवण झालं की फोन कोनाड्यात. आमचे हे मला सकाळी शिरपामाळापर्यंत चालायला नेतात, म्हणतात तुझंही डोकं जरा थाऱ्यावर येईल. मी चालताना फोनच बघते. स्वयंपाकघरातला दिवा कधीचा फडफडतोय, पण वायरमनला बोलवायचंही मला सुचत नाही.

माझ्यावर जीव असेल तर उत्तराची जीप चुकवू नकोस.

तुझी,
चंदनाताई

*

वरचा पाडा, खोडाळा
१२ ऑक्टोबर

ती. सौ. ताईंना,
नीताचा सादर नमस्कार. वि. वि.

तुमची तोड चांगली होती, फक्त जीप म्हणजे जीप हे आपण दोघी विसरलो.

ह्यांना मी वळणावर सोडलं आणि गवत कापायला खाली गेले. हे पुढच्या सीटवर बसले, मॅडमशी बोलणं सुरू झालं. इतक्यात वरून ठकीकाकू टोपली घेऊन आली. उभ्या जीपमध्ये माणूस बसलेला दिसला, म्हणजे जीप भरली की सुटणार. ती मागे चढली. तिच्यामागून पोश्यादादा आला, रुपी पोराला काखेत घेऊन आली. ह्यांनी मान वळवून सांगितलं की माझं बोलणं चाललंय. त्यांनी बोल बोल म्हटलं आणि चिडीचूप बसून राहिले. ताई, बसलेल्या माणसाला जीपमधून उतर म्हणायची जीभ आपल्याकडे कोणाला आहे? रोहिदास झाडाखाली घोरत होता. शेवटी मॅडमनीच विचारलं की मागे हे कोण आहेत, तेव्हा ठकीकाकूने पुढे वाकून आपलं नाव, पाडा आणि नातं सगळं सांगितलं. मॅडमनी तिला नमस्कार केला आणि बोलणं आवरलं.

मी हसत हसत लिहितेय खरी, पण त्या दिवशी रात्रीपर्यंत हे भिंतीकडे तोंड करून पडले होते. तोवर त्या तिघांनी पुरेसं ऐकलं होतं. हंडा उचलायचं नुसतं मनात आलं तरी हात गळून जातात, सकाळ होऊच नये असं वाटतं, हे त्यांनी ह्यांच्या तोंडून ऐकलं. मॅडमनी त्यावर काय सांगितलं ते ऐकण्याआधीच सगळं विस्कटलं. रुपी तर डोळे पुसत घरी गेली म्हणे.

दुसऱ्या दिवशी हे विहिरीवर गेले, तर पोश्यादादाने हंडा हातातून काढून घेतला आणि घरी आणून दिला. म्हणाला, आम्ही काय मेलो का? आईंना भरून आलं. मलाही त्या वेळी बरंच वाटलं.

दाजींना नमस्कार सांगा. आमच्या पाड्यावर जसा लोभ करता तसाच करत राहा.

आपली,
नीता

*

जव्हार,
१५ ऑक्टोबर

चि. सौ. नीतास,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र ऑफिसात वाचलं आणि हसू आवरेना. मग बाहेर जाऊन रडले. माझ्या टेबलावर दिवसभर माणसं येतात, त्यांना वाटतं बाईंना सर्दी झाली आहे.

पण नीता, माणसं बघ कशी आहेत आपली! ठाण्यात मजल्यावर मजले माणसं राहतात, पण हंडा उचलायला कोण येणार होतं? आता देवाने दिलंय तर घे. त्याला कशालाही हात लावू देऊ नकोस. पाणीसुद्धा हातात नेऊन दे. मॅडमच्या हंड्याचं मी जरा पुढे ढकलायला सांगते, थोडी ताकद येऊ दे त्याला. मी रोहिदासबरोबर एक मऊ गादी, बिस्किटं आणि मिक्सर पाठवतेय, त्याला रोज फळाचा रस दे. दिवाळीची वाघबारस झाली की सुट्टी काढून येतेय. भात कापायला पाड्याला सांगून ठेव, मी पण एक दिवस विळा धरीन. उमेशने नुसतं बांधावर बसावं.

रात्री झोपताना तो काय करत असेल या विचाराने मी तीनदा उठते. तुला मेसेज करावा म्हणून फोन घेते, मग आठवतं की तो त्याच्या उशाशी आहे.

त्याला जप आणि स्वतःलाही जप.

तुझी,
चंदनाताई

*

वरचा पाडा,
२९ ऑक्टोबर

ती. सौ. ताईंना,
सा. न. वि. वि.

तुम्ही दिवाळीला येऊन गेलात, त्यानंतर लिहू की नको करत आज बसले आहे. तुम्हाला वाईट वाटेल, पण लिहायलाच हवं.

त्या दिवशी सगळा पाडा कापणीला आपल्या शेतात उतरला होता. तुम्ही पदर खोचून माझ्या शेजारच्या ओळीत होतात. ह्यांच्यासाठी बांधावर खाट टाकली होती, वर पोश्यादादाने फांद्यांची सावली केली होती. मध्येच हे उठले आणि रुपीने खाली ठेवलेला विळा त्यांनी उचलला. तुम्हाला आठवत असेल. तुम्ही धावत गेलात, तो त्यांच्या हातून घेतलात आणि त्यांना परत खाटेवर बसवलंत. मी पाहत होते. मीही माझी ओळ कापत राहिले.

तुम्ही गेल्यापासून हे उठणंही टाळतात. गादी मऊ आहे, ताई, पण तिच्यावरून उठवत नाही. परवा मी भाकरी घेऊन गेले, तर छताकडे बघत म्हणाले, "भात कापून झालं, पाणी भरून झालं. माझ्यावाचून काही म्हणजे काही अडलं नाही." आवाज अगदी शांत होता.

मी त्याच दुपारी त्यांना वळणावर नेलं. रोहिदासने आता जीपचं बॉनेट उघडून ठेवायचं ठरवलंय. बॉनेट उघडं दिसलं की गाडी बिघडली समजून कोणी चढत नाही. त्याला उशिरा सुचलं, पण सुचलं. मॅडमनी ह्यांना सरळ विचारलं, जगणं नकोसं वाटतं का. हे हो म्हणाले. मग मॅडमनी मला बोलावून घेतलं, ह्यांच्या समोरच सगळं सांगितलं. फवारणीचं औषध मी तेव्हाच पोश्यादादाकडे नेऊन ठेवलं. डॉक्टरांनी फोनवर बोलून गोळी बदलली आहे. ह्यांना एकटं ठेवायचं नाही, तसं मनात आलं की कोणाला फोन करायचा, हे सगळं आम्ही ठरवलंय. आणि मॅडम म्हणाल्या की ह्यांची कामं ह्यांना परत द्या. हंडा रस्त्यात सांडला तरी चालेल, पण ह्यांनाच आणू द्या. औषधासारखंच तेही रोज लागतं म्हणे.

मी पोश्यादादाला सांगितलं की उद्यापासून हंड्याला हात लावू नको. आईंनी ते ऐकलं. तेव्हापासून त्या माझ्या हातचा चहा घेत नाहीत.

तुम्ही तरी मला समजून घ्या.

आपली,
नीता

*

जव्हार,
१ नोव्हेंबर

चि. सौ. नीतास,
आशीर्वाद. वि. वि.

समजून घ्यायचं म्हणजे काय करायचं? जो माणूस जगणं नको म्हणतो त्याच्या डोक्यावर हंडा ठेवायचा? मॅडम स्क्रीनवर बसून बोलतात, त्यांनी आपली चढण पाहिली आहे का?

मी काल दिवसभर ऑफिसात एकही काम धड केलं नाही. फोन वाजला की आधी तुमचा नंबर आहे का बघते. मी विळा काढून घेतला तो तुला दिसला, पण त्याचा हात किती थरथरत होता तो नाही दिसला? त्याला चालायला शिकवलं ते मी. पडायच्या आत धरायची मला सवयच आहे, आता ती मोडायची कशी? आईचा राग मला कळतो. तिचंही चुकत असेल, पण कळतो.

माझं ठरलंय. रविवारी रोहिदासची पूर्ण जीप करून येते आणि उमेशला इकडे घेऊन येते. इथे दवाखाना जवळ आहे, रेंज आहे, वेगळी खोली आहे. मी रजा टाकीन. तू त्याचे कपडे भरून ठेव.

एवढं माझं ऐक.

चंदनाताई

*

वरचा पाडा,
६ नोव्हेंबर

ती. सौ. ताईंना,
सा. न. वि. वि.

रविवारी तुम्ही आलात आणि रिकाम्या जीपने परत गेलात, त्याचा राग अजून असेल. दारात उभी राहून मी नाही म्हटलं, ते मला सोपं गेलं असं समजू नका. मोठ्या नणंदेला कोणी असं म्हणतं का, हे आई अजून दिवसातून दोनदा विचारतात. तुमच्याकडे वेगळी खोली आहे, हे मॅडमना सांगितलं, तर त्यांनी ह्यांनाच विचारायला सांगितलं. मी विचारलं. हे म्हणाले, तिथे तर मला कपही उचलू देणार नाही. मग मी त्यांना तुमच्याकडे कशी पाठवू?

आता जे सांगते ते नीट वाचा. कापणी झाल्यापासून मी आणि आई दिवस फेडत फिरतोय. ज्याने आपल्या शेतावर दिवस दिला त्याच्या शेतावर दिवस द्यायचा, हे तुम्ही लहानपणापासून करत आला आहात. पोश्यादादाचा झाला, रुपीचा झाला. मंगळवारी मी ठकीकाकूला अंगणात विचारलं, तुमच्या खळ्यावर झोडणीला आम्ही कधी येऊ? काकू म्हणाली, तुम्ही दोघी या, पण उमेशच्या वाटचा दिवस आम्ही धरलेलाच नाही, सगळ्या पाड्याने सोडून दिलाय. प्रेमाने म्हणाली. हे आत होते. आतून आवाज आला, "पाहुण्याचा कोण धरतो?"

ताई, तेव्हा माझ्या लक्षात आलं. आपल्याकडे दिवस मागत नाहीत तो पाहुण्याकडून, आणि जो आता उठणार नाही त्याच्याकडून. आपण सगळ्यांनी मायेने ह्यांना त्यांच्यात नेऊन बसवलं होतं.

मी हे मॅडमना सांगितलं. म्हणाल्या, तुमच्याकडची ही रीत मला ठाऊक नव्हती. मग ह्यांना विचारलं की कोणी दिवस मागितला तर कसं वाटेल. फोन बंद झाल्यावर ह्यांनी मला विचारलं की काकूचं भात किती आहे.

म्हणून मी काल काकूकडे गेले आणि म्हटलं, ह्यांचा दिवस मागा. दारात येऊन मागा, जसा धडधाकट माणसाकडे मागता तसा. ती माझ्यावर इतकी भडकली की कोंबड्या पळाल्या. आजारी नवऱ्याला कामाला लावणारी बाई तिने आजवर पाहिली नव्हती म्हणे. मी ऐकून घेतलं आणि घरी आले.

ती येईल की नाही माहीत नाही. आली आणि हे उठलेच नाहीत, तर मी काय करीन तेही माहीत नाही. सकाळपासून मी तिसऱ्यांदा अंगण झाडतेय. तुम्ही रागावा, पण पत्र पाठवायचं थांबवू नका.

आपली,
नीता

*

वरचा पाडा,
१५ नोव्हेंबर

ती. ताईस,
उमेशचा नमस्कार. वि. वि.

तू आणि नीता माझ्या पाठीमागे पत्रं लिहिता हे मला पहिल्या पत्रापासून ठाऊक आहे. रोहिदासला आरशामागे काही लपवता येतं असं तुम्हाला वाटतं, याचंच मला नवल वाटतं. मी ती वाचलेली नाहीत. वाचायचाही कंटाळा होता, हे खरं कारण.

ठकीकाकू मागच्या शुक्रवारी आली. आत आली नाही, बरं आहे का विचारलं नाही. अंगणात उभी राहून ओरडली, "उमेश, तुझा दिवस राहिलाय आमच्या खळ्यावर. उद्या ये, नाय तर दुसरं माणूस बघू दे मला." आई तिच्या अंगावर धावून गेली. नीता चुलीपाशी होती, तिने मान वर केली नाही. मी हो म्हटलं. का म्हटलं ते मला सांगता येत नाही. नाही म्हणायला जेवढी ताकद लागते तेवढी नव्हती, असंही असेल.

सकाळी गेलो. पेंढी उचलून फळीवर आपटायची, दाणे पडले की बाजूला टाकायची, एवढंच काम. लहानपणी आपण दोघं चढाओढीने करायचो. मला चार-पाच पेंढ्यांतच घाम फुटला, छाती अशी धडधडायला लागली की वाटलं आता संपलं. मॅडमनी शिकवलंय तसा सावकाश श्वास सोडत उभा राहिलो. कोणी धावत आलं नाही. पोश्यादादाने माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा आपल्या पेंढीकडे वळला. त्याला ते किती जड गेलं ते त्याच्या मानेवरून दिसत होतं. मी पुन्हा पेंढी उचलली.

दुपारच्या भाकरीनंतर मात्र मला उभंच राहता येईना. निघालो, तर काकू सगळ्यांसमोर ओरडली की अर्धाच झालाय, अर्धा दिवस बाकी आहे, सोडणार नाही. ताई, माझ्यावर कोणी ओरडून किती महिने झाले होते. विहिरीपर्यंत आलो आणि तिथे बसून रडलो. वाईट वाटलं म्हणून नाही. एवढंच कळलं की आपल्याकडून अजून कोणाला तरी काही हवं आहे.

दुसऱ्या दिवशी मात्र उठलो नाही, म्हणजे बरा झालो असं कोणाला सांगू नकोस. त्याच्या पुढच्या दिवशी गेलो आणि उरलेला अर्धा फेडला. काल पुन्हा वाईट दिवस होता, तरी हंडा आणला, निम्मा सांडला. मॅडम म्हणतात असंच वरखाली होणार. गोळ्या चालू आहेत, जीपचं बॉनेट उघडं आहे. आईने परवा नीताच्या हातचा चहा घेतला, पण साखर कमी आहे म्हणाली.

तुझ्या मिक्सरवर आता नीता चटणी वाटते. गादी मी माळ्यावर टाकली. रागावू नकोस, पण आता काही पाठवू नकोस. माझ्याकडे तुझं काही राहिलं असेल तर ते सांग.

तुझा लोभ मला पुरून उरलाय, जरा कमी केलास तरी चालेल.

उमेश

*

जव्हार,
१८ नोव्हेंबर

चि. उमेशला,
अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझं पत्र आलं तेव्हा मी तुझ्यासाठी घेतलेला स्वेटर कागदात बांधत होते. तो तसाच ठेवला आहे. लोभ कमी करायला सांगणारा भाऊ मी आजवर ऐकला नव्हता. आधी रागाने भांडी घासली, मग हसले, मग पुन्हा पत्र वाचलं. नीताला सांग की मी तिच्यावर अजून थोडी रागावलेली आहे आणि तिच्या हातचा चहा मला दोन कप प्यायचा आहे.

तू विचारलंस म्हणून सांगते. राहिलंय. दिवाळीत तुझ्या शेतात मी पूर्ण दिवस भात कापलं, कंबर अजून दुखते. माझा दिवस कोणी फेडला नाही. बहिणीचा दिवस धरत नाहीत असं कोणी सांगितलं तुला?

स्वयंपाकघरातला दिवा फडफडत फडफडत गुरुवारी गेला. नुसता दिवा नाही, बटणाला हात लावला की मुंग्या येतात. ह्यांनी बाजारातला वायरमन आणला होता, तो दारापर्यंत आला आणि मी त्याला परत पाठवला. तेव्हापासून मी मेणबत्ती लावून भाकऱ्या करतेय. त्या एका बाजूने करपतात आणि हे करपलेलं खरवडून खातात.

तुला बरं वाटलं तर ये, असं मी लिहिणार होते. ते खोडलं. रविवारी ये. रविवार वाईट निघाला तर सोमवारी ये, पण ये. येताना तुझी पक्कड आण आणि मीटरकडची लाइन आधी बंद करायची हे मला शिकवू नकोस, मी करून ठेवलेली आहे. मी जीप पाठवणार नाही. वळणावर सगळ्यांसारखा उभा राहा, आत जागा धर आणि जीप भरेपर्यंत बसून राहा. मी खिडकीतून रस्ता बघणार नाही, असं लिहायचं होतं, पण ते माझ्याच्याने होणार नाही.

तुझ्याकडे एक दिवस येणं असलेली,
ताई